दोन रुंद, दोन बारीक

४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

चाकांचीसुद्धा वाटणी करायची बुद्धी तुम्हाला झाली कुठून, हे आधी सांगा. खुर्च्या वाटल्यात, ठीक. सहा होत्या, तीन तुम्हाला, तीन मला. ताटं वाटलीत, चमचे वाटलेत. पडद्यांची जोडी होती, त्यातला एक तुमच्याकडे आणि एक माझ्याकडे, आता दोघांच्याही खिडक्या अर्ध्या उघड्या. पोरांनी परदेशी जाताना संसार आवरला आणि तुम्ही तराजू घेऊन बसलात. जन्म वजनमाप खात्यात गेला, सवय सुटत नाही, समजू शकते. पण गाडीची चाकं म्हणजे चमचे नव्हेत.

दोन्ही गाड्या एकसारख्या. लेकीची मला मिळाली, जावयाची तुम्हाला. जावयाने हौसेने आपल्या गाडीला रुंद चाकं बसवून घेतली होती, लेकीच्या गाडीला आपली साधी, बारीक. तसंच राहू द्यायचं. तर तुम्ही मेकॅनिकला बोलावलंत आणि दोन रुंद इकडे, दोन बारीक तिकडे करून टाकलंत. आता माझ्या गाडीला पुढे बारीक आणि मागे रुंद. बेडूक बसल्यासारखी दिसते.

दिसण्याचं सोडा. काल हॉस्पिटलच्या फाटकापाशी काय झालं ऐका. तिथल्या वळणावर पाण्याचा टँकर रोज गळतो. मी स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी मात्र सरळच गेली. पुढचं तोंड घसरत घसरत फाटकाजवळच्या कुंड्यांवर जाऊन थांबलं. मागच्या सीटवरचे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे माझ्या मानेवर येऊन बसले. रखवालदार म्हणतो, "मावशी, झोप लागली होती का?" मी म्हटलं, मी जागी आहे, गाडीला विचार.

आणि हे एकदाच नाही. कुठल्याही वळणावर जरा वेग असला की ही नाकासमोर चालू लागते. तुमच्यावर गेली आहे. हॉस्पिटलच्या चादरी वेळेवर पोचल्या नाहीत तर ते काम दुसऱ्या लाँड्रीला देतील आणि माझी भट्टी बंद पडेल. एवढं एकच काम आहे माझ्याकडे, दुसरं नाही.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही "छान, छान" म्हणून उडवता. चौथीपर्यंत शाळा झाली माझी. चुका दिसल्या तर दुरुस्त करून परत पाठवू नका. उपाय कळवा.

तुमची विहीण


१० नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पोचले. चुका दुरुस्त केल्या नाहीत. मोजल्या, पण आकडा सांगणार नाही.

कुंड्यांचे वाचून वाईट वाटले. तुम्हाला लागले नाही ना, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. मानेवर गठ्ठे पडले म्हणता, मान कशी आहे?

आता चाकांविषयी. वाटणीच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "मुलीच्या आईच्या वाट्याला बारीक चाकं यायची, हे ठरलेलंच असतं." मी हातातले चमचे खाली ठेवले आणि मेकॅनिकला फोन केला. तुमच्या मनात सल राहू नये एवढाच हेतू होता. तुमच्या गाडीत मागे गठ्ठ्यांचे वजन असते, म्हणून रुंद चाके मागे बसवावीत, असे तो म्हणाला. मला पटले.

माझ्याकडे अर्थातच उलटे आहे. पुढे रुंद, मागे बारीक. मला तक्रार नाही. माझी गाडी फार चटकन वळते, स्टिअरिंगला हात लावायचा अवकाश. कधी कधी वळणात मागचा भाग जरा हलल्यासारखा वाटतो. वयामुळे माझाच तोल जात असेल.

दोन्ही गाड्या एका जागी आणून चाके परत बदलावीत, हा खरा उपाय. तुमचे गाव इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. थंडीत धुकेही असते. जानेवारी संपताना पाहू. तोवर सावकाश चालवा.

इकडे ठीक आहे. तीन खुर्च्यांपैकी एकीवर मी बसतो, एकीवर वर्तमानपत्र असते, तिसरी मोकळी. तिन्ही सारख्या झिजाव्यात म्हणून आठवड्याने जागा बदलतो. परवा बदलताना मनात आले की हे बघायला घरात कोणी असते तर हसले असते.

आपला,
व्याही


१५ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

मान ठीक आहे. मी म्हणाले असेन चाकांबद्दल. माणूस घर रिकामं होताना काहीही बोलतं. म्हणून लगेच पाने घेऊन चाकं काढायची नसतात.

जानेवारी संपताना म्हणता. सावकाश चालवा म्हणता. सकाळी सातला वॉर्डात चादरी लागतात, सावकाश कुठून चालवू? म्हणून मीच उपाय शोधला. रविवारी शाळेच्या मागचं मैदान मोकळं असतं. तिथे जाऊन गोल गोल फिरले. पोरं क्रिकेट सोडून बघत उभी राहिली. एकजण म्हणाला, आजींचं डोकं फिरलंय. मी काच खाली करून म्हटलं, आजी असेल तुझी आई. मग त्याने मला पाणी आणून दिलं.

ऐका आता. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. तरीही गाडी ऐकेना झाली तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग आणखी पिळायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. बस. पाय काढला की गाडीचं तोंड खाली बसतं, पुढची चाकं रस्ता धरतात आणि गाडी मुकाट्याने वळते. दहादा करून पाहिलं, दहाही वेळा वळली.

तुम्हीही तेच करा. मागचं हलतंय म्हणता ना, मग वळणात पाय काढत जा. दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी आहेत, एकीला लागू पडतं ते दुसरीला पडणारच. करून बघा आणि केलंत की कळवा. नुसतं "छान" नको.

लेकीचा फोन आला होता. बोलता बोलता चित्र थांबलं, तिचं तोंड उघडंच राहिलं. आवाज गेला. मी त्या थांबलेल्या तोंडाला भट्टीचं, कुंड्यांचं सगळं सांगून टाकलं. मग फोन कट झाला, आणि नंतर तिने लिहिलं, "आई, काही ऐकू आलं नाही, परत सांग." मी लिहिलं, काही विशेष नाही.

तुमच्याकडेही येत असेल फोन. तुम्ही "छान, छान" म्हणत असाल.

विहीण


२१ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमची युक्ती दोनदा वाचली. कोणी शिकवल्याशिवाय, मैदानात जाऊन स्वतः शोधून काढलीत, याचे कौतुक वाटले. मुलगा इतकी वर्षे गाडी चालवत होता, त्याने मला असे काही कधी सांगितले नाही.

मी गाडी फारशी चालवत नाही. आठवड्यातून तीनदा तळ्यापर्यंत जातो. उतारावर वळणे आहेत, खाली बाकडे आहे. थर्मासमध्ये चहा नेतो. थर्मासला दोन कप आहेत, एकात एक बसणारे. पूर्वी हिच्याबरोबर जात असे. आता दुसरा कपही काढून ठेवतो, नाहीतर झाकण नीट बसत नाही. झाकणाचे खरे आहे, तुम्हाला पटणार नाही.

फोन येतो. मी "छान" म्हणतो हेही खरे. ऐकू आले नाही असे दर वेळी सांगितले तर मुले काळजी करतात, आणि काळजी करून तिथून ती करणार काय?

एक विचार मनात आला, लिहावा की नाही ठरत नव्हते. चाके बदलून झाली की आपल्याला एकमेकांना पत्र लिहायचे कारण राहणार नाही. जानेवारी मी मुद्दाम म्हणालो नव्हतो. पण पुढे गेली तरी माझी हरकत नाही.

उद्या सकाळी उतारावर तुमची युक्ती करून पाहतो.

व्याही


२६ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

पत्राला कारण लागतं होय? आणि या वयात झाकणाचे बहाणे? लाडात येऊ नका, मला वेळ नाही. भट्टीचा पाइप फुटला आहे.

युक्ती चालली का, ते लिहा आधी.

विहीण


९ डिसेंबर

व्याहीबुवा,

तुम्ही रागावलात, हे उघड आहे. मी लाडात येऊ नका म्हटलं म्हणून. मस्करी होती ती. आमच्या भट्टीवर बायका याहून वाईट बोलतात आणि कुणी जेवण सोडत नाही. पण तुम्ही पडलात साहेब, तुमच्या खात्यात मस्करी करायची परवानगी नसेल.

मी रोज संध्याकाळी पत्रपेटी बघते. रिकामी असली की झाकण आपटते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, विजेच्या बिलाची. त्या म्हणाल्या, "बिल तर मागच्याच आठवड्यात आलं." मग म्हटलं, पुढच्याची बघते.

तसं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पाइप दुरुस्त झाला. माझ्या वाटणीच्या तीन खुर्च्यांवर मी चादरी रचते, स्वतः बसते जमिनीवर. हात दिवसभर गरम पाण्यात असतात, डोकं मात्र मोकळं, आणि मोकळ्या डोक्यात काय काय येतं. परवा हिशेब केला की दिवसभरात मी कुणाकुणाशी बोलले. रखवालदार, नर्स आणि गाडी.

वाईट वाटलं असेल तर तसं लिहा. आपण सोयरे आहोत, अबोला धरायचाच तर तो समोर बसून धरावा, पोस्टाने धरलेला कळत नाही.

विहीण


१५ डिसेंबर

विहीणबाई,

राग नाही. मुळीच नाही. उशिराबद्दल माफ करा. पेन बदलले आहे, म्हणून अक्षर असे.

तुमची युक्ती फार चांगली आहे. उत्तम चालली. तुम्ही करत राहा.

गाडी विकावी म्हणतो. पायी चालणे प्रकृतीला बरे. तळ्यावर सध्या जात नाही, थंडी आहे. शेजारी दूध आणून देतात. तुमच्या लेकीला आणि माझ्या मुलाला गाडीचे काही सांगू नका, उगाच वाद.

जमिनीवर बसू नका. खुर्च्या बसायलाच दिल्या आहेत.

व्याही


१९ डिसेंबर

व्याहीबुवा,

तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. तोलून मापून लिहिणारा माणूस तुम्ही, आणि "उत्तम चालली" एवढ्यावर उरकता? कशी चालली, कितव्या वळणावर, वारं कुठून होतं, हे सगळं लिहिल्याशिवाय तुम्ही पेन खाली ठेवलं नसतंत.

पत्र हातात आलं तेव्हाच मला शंका आली. पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. आत तुमचं अक्षर, पण प्रत्येक काना वेगळ्या दिशेला पडलेला आणि ओळ चढावर निघालेली. माझा उजवा हात वाफेने भाजला होता तेव्हा मी महिनाभर चादरींवरच्या खुणा डाव्या हाताने काढल्या. त्या अशाच दिसायच्या. पेन बदललेलं नाही, हात बदललाय.

तरी नेमकं काय झालं ते कळत नव्हतं. म्हणून काल टायरवाल्याकडे गेले. जायचंच होतं, कारण पावसाळी हवा झाली होती आणि फाटकापाशी गाडी परत सरकली. त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ही अशी चाकं लावायचा सल्ला कुणी दिला?" मी म्हटलं, वाटणीत आली. तो बराच वेळ हसला. मग समजावून सांगितलं. माझ्या गाडीची मागची चाकं रस्ता घट्ट धरतात, पुढची कमी धरतात, वर मागे गठ्ठ्यांचं वजन, म्हणून तोंड आणखी हलकं. म्हणून वळणात गाडी सरळ जाते. पाय काढला की वजन पुढे येतं आणि तोंड परत रस्ता धरतं. म्हणजे माझी युक्ती बरोबर होती. मला बरं वाटलं.

मग सहज विचारलं, आणि पुढे रुंद, मागे बारीक असली तर?

तो हसायचा थांबला. म्हणाला, "ती गाडी कुणाची? त्यांना म्हणावं चालवू नका. तिचं तोंड रस्ता धरतं, पण मागचं सुटतं. आणि वळणात मध्येच पाय काढला तर संपलंच. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट गर्रकन बाहेर येते. सरळ जाणारी गाडी आवरता येते, फिरलेली गाडी म्हाताऱ्या माणसाला नाही आवरत."

मी तिथेच टायरच्या ढिगावर बसले. त्याने विचारलं, "काकू, चक्कर आली का?" मी म्हटलं, पाणी दे आणि चाकं बदलून टाक.

मागचं हलतंय, असं तुम्ही मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत. मीच म्हटलं, पाय काढा. एकीला लागू ते दुसरीला लागू, हेही मीच म्हटलं. एका मैदानात गोल फिरून आले आणि मला वाटलं मी दोन्ही गाड्यांची आई झाले. "उद्या सकाळी करून पाहतो," असं तुम्ही लिहिलंत, तेच तुमच्या उजव्या हाताचं शेवटचं पत्र. आणि त्यानंतर मी तुम्हाला लाडात येऊ नका म्हणून लिहिलं. तुम्ही हात गळ्यात अडकवून ते वाचलं असेल. मग तुम्ही अबोला धरलात म्हणून मी टोमणे मारले, तेही वाचलं असेल. आणि इतकं सगळं होऊन तुम्ही डाव्या हाताने काय लिहिता, तर युक्ती फार चांगली आहे.

पोरांना तुम्ही काही सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. सांगितलं असतंत तर लेकीने रविवारी रडून फोन भिजवला असता. मीही सांगितलेलं नाही अजून. पण फार दिवस गप्प बसायची मला सवय नाही.

माझ्या गाडीला आता चारही चाकं बारीक आहेत. टायरवाल्याकडे दोन जुनी पडली होती, ती मागे बसवली. मी आज तीच गाडी घेऊन फाटकापाशी तीनदा वळले. गाडी तीनदा वळली. रखवालदार म्हणाला, "मावशी, आज काय फेऱ्या मारताय?" कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायला तुम्ही, आणि तुम्ही दिवसभराच्या वाटेवर. म्हणून लिहिते. चाकांचं काम संपलं तरी लिहिते आहे, हे बघून ठेवा.

आता माझं म्हणणं. तुमच्या घरी एका हाताने तुम्ही चहा कसा करता, शर्टाची बटणं कशी लावता, आंघोळीचं पाणी कसं उचलता, हे मला डोळ्यापुढे दिसतं आणि मग इकडे चादर भट्टीतच राहते. शेजारी दूध देतात म्हणता. दूध देऊन ते आपल्या घरी जातात. हात बरा होईपर्यंत तुम्ही इकडे यायचं. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, मागची रिकामी आहे, लेकीची. खिडकीला अर्धाच पडदा आहे, पण ऊन चांगलं येतं. भट्टीचा आवाज होतो, तो तुम्हाला ऐकू येणार नाही, हे बरंच आहे. विहीण-व्याही एका घरात, लोक काय म्हणतील, हे मला लिहून पाठवू नका. लोकांच्या चादरी मीच धुते.

भीड वाटत असेल तर असं समजा की मला गरज आहे. पावत्या लिहिणारं माणूस मला हवं आहे, डाव्या हाताचं चालेल. आणि संध्याकाळी कुणाशी तरी बोलायला हवं आहे. ते मी एकदाच लिहिते, परत विचारलंत तर नाकारीन.

दोन गोष्टींचं उत्तर द्या. पहिली, वळणात तुम्ही पाय काढलात तो माझ्या सांगण्यावरून काढलात की नाही. हो असेल तर हो लिहा. माझ्या काळजीने नाही लिहू नका, मी ओळखीन आणि मग मात्र खरंच रागवेन. दुसरी, येताय की नाही. हो लिहिलंत तर शनिवारी गाडी घेऊन येते. तुमची औषधं आणि दोन जोडी कपडे बांधून ठेवा. बाकी काही उचलू नका, मी आहे.

नाही लिहिणार असाल तर का, ते कारणासकट लिहा. छान, बरं, बघू, प्रकृती ठीक, यातलं एकही अक्षर मला चालणार नाही. शिंपीणबाईंनाही मी सांगून टाकलं आहे की विजेच्या बिलाची नाही, पत्राची वाट बघते, आणि कुणाच्या तेही सांगितलं.

पुढच्या गुरुवारच्या टपालाने तुमचं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. लिहायला बसा.

विहीण